विमानाला न दिसलेलं छत

“हे नाही. हे पुसा,” वीतभर म्हणाला.

नकाशावाल्या मॅडमचा माऊसवरचा हात जागीच थांबला. टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर शहराचा एक तुकडा वरून दिसत होता. गल्ल्या, गच्च्या, झाडांचे हिरवे गोळे आणि मधेमधे लाल रंगाने भरलेली छतं. वीतभरने बोट ठेवलं होतं ते एका लांबट लाल चौकोनावर.

“काका, संगणक ब्याण्णव टक्के खात्रीने सांगतोय, हा सिमेंटचा पत्रा आहे म्हणून.”

“असेल त्याची खात्री. हे बर्फाच्या कारखान्याचं गोदाम. याच्यावर जस्ताचा पत्रा आहे, उन्हापावसाने पांढरा पडलेला. आम्हीच गेलो होतो माप घ्यायला, पण मालक हटून बसला, मला सिमेंटचा नकोच म्हणून. आम्ही आपले टेप गुंडाळून परत आलो.”

मॅडमनी नोंद केली. सुरुवातीच्या दिवसांत त्या काकांचं म्हणणं ऐकून घेत आणि मग गुपचूप एखाद्या माणसाला शिडी देऊन पडताळणीला पाठवत. माणूस दरवेळी येऊन सांगे, “काका म्हणतात तेच खरं.” तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माणूस पाठवणं बंद केलं.

वीतभर सदुसष्ट वर्षांचा होता. उंचीने जेमतेम पाच फूट. चाळीस वर्षं त्याने छतं घालण्याचं काम केलं, आणि त्यातली तीस तरी सिमेंटच्या पत्र्यांची. एका पत्र्यावर दुसरा पत्रा किती चढवायचा, हे तो वरून ओरडून सांगायचा, “वीतभर चढव, वीतभर!” त्यावरून आणि उंचीवरून मिळून हे नाव पडलं, ते इतकं चिकटलं की त्याच्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर खरं नाव वाचून दोनतीन लोक चुकीच्या घरी गेले होते.

शहराने त्या पत्र्यांची मोजदाद करायला घेतली तेव्हा पहिली अडचण ही आली की कुठे काय आहे ते कोणाकडेच लिहिलेलं नव्हतं. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. जुना होऊन पत्रा झिजला, फुटला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत सुटतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. दारोदार फिरून प्रत्येक छत बघायचं तर दहा वर्षं गेली असती. म्हणून विमान उडवलं. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, शहरावरून सरळ रेघा मारल्यासारख्या फेऱ्या घालत ते पाच दिवस फिरलं.

“त्याच्या पोटात कॅमेरा होता,” मॅडमनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. “आपल्या डोळ्याला मोजके रंग दिसतात. त्याला शेकडो दिसतात, आपल्याला न दिसणारेसुद्धा. प्रत्येक वस्तू ऊन आपापल्या पद्धतीने परत फेकते. माती वेगळं, लोखंड वेगळं, सिमेंटचा पत्रा वेगळं.”

“म्हणजे अंधारात नुसत्या खोकण्यावरून माणूस ओळखतो तसं,” वीतभर म्हणाला.

“अगदी तसंच. पण संगणकाला आधी कोणीतरी सांगावं लागतं ना, हे खोकणं कोणाचं आहे ते. म्हणून मला खात्रीची दोनशे छतं हवी होती. हार्डवेअरच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, वीतभरला गाठा, त्याच्या डोक्यात अख्खं गाव आहे.”

ते खरंच होतं. पहिल्यांदा शहर वरून बघितलं तेव्हा त्याचा जीव हरखून गेला होता. आयुष्यभर त्या छतांवर ओणवा होऊन रांगलेला माणूस. पण ती सगळी एकत्र, एका नजरेत, त्याने कधी पाहिलीच नव्हती. हा कापसाचा कारखाना. ही बाजारातली ओळ. हा दवाखाना, इथे दुपारी जेवणाचे डबे खाली पडले होते. “किती लाल आहे हो!” तो अभिमानाने म्हणून गेला, आणि मग लाल म्हणजे काय ते आठवून त्याने पडद्यावरचं बोट मागे घेतलं.

मॅडमनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. “तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, काका? तुम्हाला तरी कुठे कोणी सांगितलं होतं?”

तेव्हापासून तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी कचेरीत यायचा. त्याला स्वतःची खुर्ची होती, पाठीला उशी लावलेली, आणि शिपाई त्याच्यासाठी न सांगता कमी साखरेचा चहा आणायचा. म्हातारपणी कोणी आपलं ऐकून घेतं यासारखं सुख नाही, असं तो बायकोला सांगत असे.

गोदाम पुसून झाल्यावर मॅडमनी चित्र पुढे सरकवलं. नदीकाठची वस्ती आली. अरुंद गल्ल्या, खेटून बसलेली घरं.

“इथे फारसं काही नाही,” त्या म्हणाल्या. “तीन लाल, बाकी सगळे टिनाचे आणि स्लॅबचे.”

वीतभर चष्मा सावरून पुढे झुकला. वळणावरच्या नळापासून पाचवं घर. छत हिरवं होतं, अगदी झाडाच्या पानासारखं. लाल नव्हतं.

“रंग दिलेला असला तर?” त्याने जरा वेळाने विचारलं.

“तर विमानाला रंगच दिसतो. खालचा पत्रा दिसत नाही. अशी काही आपल्या हातून सुटणारच. का? दिसतंय का एखादं?”

“नाही,” तो म्हणाला. “सहज विचारलं.”

त्या दिवशी चहा अर्धाच प्यायला गेला.

पाचवं घर लांब्याचं होतं. वीतभर आणि लांब्या ही जोडी. एक पाच फूट, एक सहाच्या वर. रस्त्याने चालताना पोरं हसायची. कामाची वाटणी देवानेच करून दिलेली होती. वीतभर हलका, म्हणून तो वर चढायचा, पत्र्याला त्याचं ओझं व्हायचं नाही. लांब्याचे हात लांब, म्हणून तो खाली करवत चालवायचा. संध्याकाळी दोघं घरी निघत तेव्हा वीतभर घामेजलेला असे, आणि लांब्या मात्र डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा.

लांब्याने स्वतःच्या घरावर पत्रे घातले ते सगळ्यात शेवटी. अठरा पत्रे. तेव्हा त्याला दोन पत्रे कापले की बसावं लागायचं. छत पूर्ण झाल्यावर चार महिन्यांनी दोघं मोठ्या इस्पितळात गेले, आणि डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे दिव्यासमोर धरून सांगितलं की ही तीस वर्षांची धूळ आहे, पत्र्याची. वीतभरलाही तपासलं. त्याच्या उजव्या फुप्फुसावर एक चट्टा होता, नखाएवढा. अजूनही तेवढाच आहे.

इस्पितळाच्या बाकड्यावर बसून लांब्याने त्याचं मनगट धरलं होतं. “तिला सांगू नकोस. उद्याच छत उतरवायला लावेल ती. मी जाणारच आहे. पण माझ्यामागे तिच्या डोक्यावर दुसरं आहे काय?”

“नाही सांगत.”

“शपथ?”

“नाही सांगत म्हटलं ना.”

त्याला अकरा वर्षं झाली. दिलेला शब्द वीतभरने मोडला नव्हता. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी तो जेवायला बसला आणि नुसता अन्न चिवडत राहिला.

“मीठ जास्त झालंय का?” बायकोने विचारलं.

“नाही.”

“मग कमी?”

“बरोबर आहे.”

“मग चेहरा का तसा?”

तो काही बोलणार एवढ्यात फोन वाजला. लांब्याचा मुलगा होता. शहरबसवर चालक, स्वभावाने बापासारखाच मोकळा.

“काका, उद्या सुट्टी आहे मला. स्वयंपाकघरात दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो हो. म्हटलं छताला हातभर भोक पाडावं आणि वर एक पारदर्शक तुकडा बसवावा. तुमची ती लांब पात्याची करवत आहे ना अजून?”

वीतभरच्या डोळ्यांसमोर करवत आली, तिच्याखालून उडणारी पांढरी धूळ आली, आणि खाली त्या घरात रांगणारी लांब्याची नात आली.

“हात लावू नकोस,” तो म्हणाला.

“अहो, मी करतो नीट. तुम्ही नुसते—”

“मी येईपर्यंत शिडीसुद्धा लावायची नाही. कळलं? सकाळी येतो.”

फोन ठेवला तर बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी. त्याने सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटं लागली. अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एवढीशीच होती, याचं त्यालाच नवल वाटलं.

बायकोने आधी ताट उचललं. मग परत खाली ठेवलं. “माझ्यापासूनसुद्धा? मी काय गावभर दवंडी पिटली असती?”

“शब्द दिला होता.”

“शब्द!” ती म्हणाली, आणि त्यानंतर बरंच काही म्हणाली. शेवटी दमून म्हणाली, “उद्या मी पण येते. तुम्हाला एकट्याला जमायचं नाही.”

वहिनींचं, म्हणजे लांब्याच्या बायकोचं, घर दीड खोलीचं. पुढच्या खोलीत पलंग आणि कपाट, मागे स्वयंपाकाचा ओटा. सगळं लख्ख. वहिनी पूर्वी याच खोलीत इस्त्रीचा धंदा करायच्या. कोळशाची जड पितळी इस्त्री, आणि अख्ख्या गल्लीचे कपडे. त्यांच्या हातची घडी अशी असे की लोक शर्ट उलगडायला कचरत. लांब्या गेल्यावर महिन्याभरातच त्यांनी तो धंदा बंद केला, इस्त्री देऊन टाकली. “हात दुखतात,” म्हणाल्या. आता त्या एका शिंप्याकडे काजं-बटणं करायला जात.

वीतभर पलंगाच्या कडेवर बसला. मुलगा दारात उभा होता, सून ओट्यापाशी. नजर जमिनीवर ठेवून त्याने सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, लांब्या काय म्हणाला, आणि डोक्यावरचा पत्रा कसला आहे. अखंड आहे, वर रंग आहे, म्हणून आजवर काही झालं नसेल. पण करवत लावली की संपलं.

मुलाने नकळत वर पाहिलं. सुनेने पोरीला उचलून कडेवर घेतलं.

वहिनी मात्र वर बघत नव्हत्या. त्या वीतभरकडे बघत होत्या.

“म्हणजे,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “माझ्या कोळशाचा धूर नव्हता?”

वीतभरला आधी कळलंच नाही. “कसला धूर?”

“इस्त्रीचा. याच खोलीत दिवसभर निखारे असायचे ना. ते खोकायला लागले की मी इस्त्री उचलून बाहेर जायचे. पावसात, छत्री खांद्यात अडकवून कपडे केलेत मी, भाऊजी. तरी खोकला थांबेना. तेव्हा वाटलं, आत जायचा तो धूर जाऊन बसलाय. मीच घातलाय.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “अकरा वर्षं मला वाटतंय, मी मारलं त्यांना.”

वीतभरने आयुष्यात पुष्कळ छतं घातली होती, एखादं गळलंही होतं. पण आपल्या हातून असं काही बिघडलं असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याला वाटत होतं तो एक गुपित सांभाळतोय. त्याच्या खाली एक बाई भरडली जात होती.

“वहिनी, मला माहीत असतं तर…”

“तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही विचारलंत कधी? दोघं पुरुष मिळून माझं भलं करत होतात होय?”

“मी काल भांडून घेतलं,” वीतभरची बायको मधेच म्हणाली. “आता तू घे. मी धरून ठेवते त्यांना.”

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, आणि रडता रडताच त्यांना हसू फुटलं. मग डोळे पुसत त्या ओट्याकडे गेल्या. चहा ठेवला. सगळ्यांना कप दिले, वीतभर सोडून. जरा वेळाने वहिनींनी स्वतःच्या कपातला अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतला आणि त्याच्या हातात ठेवला. गार झाला होता. त्याने तो थेंबनथेंब प्यायला.

“काढा ते छत,” वहिनी म्हणाल्या. “पण तोडफोड करून नाही. त्यांच्या हातचं आहे. जसं चढलं तसं उतरू दे.”

मंगळवारी वीतभर कचेरीत जाऊन खुर्चीत न बसताच म्हणाला, “मॅडम, मी शुक्रवारी खोटं बोललो. एक छत राहिलंय. हिरवं.”

मॅडमनी पाचवं घर शोधलं. “संगणक तर नाही म्हणतोय.”

“तो नाहीच म्हणणार. त्याला रंग दिसतोय. आतला पत्रा मी ठोकलाय.”

त्यांनी नमुना तपासला. तो निघाला सिमेंटच्या पत्र्याचाच. मग मॅडमनी डोक्याला हात लावला आणि सगळ्या रंगवलेल्या छतांची वेगळी यादी काढली. वीतभर त्यांच्या शेजारी बसला. पन्हळींची रुंदी, पत्र्यांची लांबी, मोभाची बैठक यावरून तो एकेक छत सांगत गेला आणि माणसं जाऊन बघत गेली. त्रेचाळीस सापडली. त्यातली दोन शिशुवर्गांची होती, एक गुलाबी आणि एक आकाशी. आकाशी रंगाच्या छतावर मुलांचा चेंडू अडकला की शिपाई काठीने पत्रा बडवायचा, असं तपासनीस सांगत आला तेव्हा मॅडम उठल्या आणि स्वतः फोन लावायला गेल्या.

नदीकाठची पाळी पुढच्या महिन्यात आली. घर रिकामं करायचं म्हणून वहिनी, मुलगा, सून, नात असे सगळे दोन दिवसांसाठी वीतभरकडे राहायला आले. पहिल्याच दुपारी वहिनींना कपाटात विजेची इस्त्री सापडली. संध्याकाळपर्यंत घरातला एकही कपडा चुरगळलेला राहिला नाही. वीतभरचा कामाचा जुना शर्टसुद्धा.

तोच घालून तो सकाळी गल्लीत पोचला. पत्रे काढणारी माणसं पांढऱ्या पोशाखात, तोंडावर मुखवटे बांधून तयार होती. त्यांचा मुकादम त्याच्या शर्टाची घडी बघून म्हणाला, “काय काका, लग्नाला निघालात का?”

“मला वर घ्या,” वीतभर म्हणाला.

“साठीच्या पुढच्याला वर घेता येत नाही. नियम आहे.”

“मग खालून बोलू का?”

“बोला की.”

तो समोरच्या ओट्यावर उभा राहिला, त्यांनी दिलेला मुखवटा बांधून, आणि बोलला. आधी पाण्याचा फवारा मारा, पत्रा चिंब होऊ दे. पत्र्यावर पाय नको, वाश्यांवर फळी टाका. हुक गंजलेत, पिळू नका, खालून कापा. तिकडून नाही, तिकडचा पत्रा वीतभर खाली दाबलेला आहे. मोभापासून सुरू करा. मुखवट्यातून आवाज नीट जाईना म्हणून तो हातवारे करत होता, आणि वरची माणसं हळूहळू त्याच्या हाताकडे बघूनच काम करू लागली. शेवटी लावलेला पत्रा आधी, मग त्याच्या आधीचा. अकरा वर्षांपूर्वीचा तो आठवडा एकेक पत्र्याने उलटा उलगडत होता.

दुपारपर्यंत अठराही पत्रे खाली आले. एकालाही तडा गेला नाही. मुकादमाने प्रत्येक पत्रा स्वतः तपासला आणि वीतभरकडे बघून मान हलवली. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्ट्या मारून ते ट्रकमध्ये आडवे ठेवले. माणसांनी भिंती, वासे, फरशी ओल्या फडक्यांनी पुसून काढली आणि मुखवटे उतरवले.

तेव्हा कुठे वहिनींना जवळ येऊ दिलं. त्या उंबऱ्यावर थांबल्या. रिकाम्या खोलीत कोपऱ्यापर्यंत ऊन पसरलं होतं. भिंतीवर वाश्यांच्या सावल्या होत्या. त्यांच्या मागे वीतभरची बायको होती.

“केवढी मोठी दिसते गं खोली,” वहिनी म्हणाल्या.

“उद्या नवीन पत्रा येतोय. आज बघून घे.”

दोघी आत जाऊन मधोमध उभ्या राहिल्या आणि माना वर करून आभाळाकडे बघत कशावरून तरी हसायला लागल्या.

ट्रकवाल्याने इंजिन सुरू केलं. गल्ली अरुंद, वळायला जागा नाही. उलटाच बाहेर काढायला हवा. मुकादम हाक मारणार तेवढ्यात वीतभर ओट्यावरून उतरून ट्रकच्या मागे गेला होता.

“येऊ द्या,” तो हात हलवत मागे मागे चालू लागला. “येऊ द्या. जरा डावीकडे. सांभाळून, पायरी आहे. येऊ द्या.”

त्याने एका हाताने सायकली थांबवल्या, वाळत घातलेले कपडे दोरीसकट वर उचलून धरले, दारात बसलेल्या म्हातारीला पाय आत घ्यायला सांगितले. ट्रक त्याच्यामागोमाग पावलापावलाने येत राहिला. आत गुंडाळलेले पत्रे जरासुद्धा हलत नव्हते. मोठ्या रस्त्यावर आल्यावर त्याने समोरून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवला. त्या थांबल्या. ट्रकने वळण घेतलं. वीतभरने जाता जाता त्याच्या मागच्या फळीवर तळहात टेकवला आणि फळी हाताखालून निघून जाईपर्यंत तो तसाच ठेवला.

ट्रक पार चौकापलीकडे गेला तरी त्याचा दुसरा हात वर होता.

“काका,” अडकलेल्या सायकलवाल्याने हळूच विचारलं, “जाऊ का आता?”

“हो हो,” तो बाजूला होत म्हणाला. “जा, बाबा. जा.”